अप्पांनी माळ का उतरवली, ते आधी विचारा

पत्र : वडील (आम्ही अप्पा म्हणतो) ६७ वर्षांचे आहेत. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात आमचं गाव. गालाचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, लाईट (रेडिएशन) दिली, तरी आठ महिन्यांत परत उलटला. ‘आता घरीच ठेवा, त्रास कमी होईल एवढं बघू’ असं डॉक्टर म्हणाले. नाकात नळी आहे, गालाला भोक पडलंय, वास येतो. बोललेलं कळत नाही म्हणून पाटीवर लिहितात. चाळीस वर्षांचे माळकरी, पण पंधरा दिवसांपूर्वी माळ काढून आईच्या हातात दिली. संध्याकाळी भजनी मंडळ येतं तर भिंतीकडे तोंड करून पडतात. पाटीवर सारखं एकच : ‘माझं काय चुकलं?’ दुखण्यासाठी मॉर्फिन १० मिलिग्रॅम दर चार तासांनी लिहून दिलंय. पण काका म्हणतात, गुंगीत गेले तर शेवटी तोंडात नाव येणार नाही, म्हणून आम्ही फक्त रात्री देतो. आत्या म्हणते, सौंदत्तीच्या यल्लम्माची परडी भरायची राहिली, त्याचंच हे. एक बाबा औषधं बंद करून काढा द्या म्हणतो. आणि अप्पांना पंढरपूरला जायचंय. काय उत्तर द्यावं त्यांना? बुवांना बोलवावं का?

उत्तर :

पाटीवरच्या प्रश्नाकडे वळण्याआधी काकांचा मुद्दा निकालात काढू, कारण बाकी सगळं तिथेच अडलंय.

शेवटी मुखी नाम यावं, ही वारकऱ्याची जन्मभराची इच्छा. काकांची काळजी त्यातूनच आलीय, तिला हसू नका. पण त्यांना एक विचारा : आत्ता दिवसभर गाल ठणकत असताना अप्पा नाम घेऊ शकतात का? दुखणं असह्य असलं की माणसाच्या मनात दुसरं काही शिरत नाही, देवही नाही. मॉर्फिनचा अंमल साधारण चार तास राहतो. तुम्ही फक्त रात्री देता म्हणजे उरलेला दिवस ते कळा सोसतात, आणि रात्रीच्या एका गोळीनंतर थकून झोपतात. ती झोप बघून काकांना वाटतं, औषधाने गुंगी आली. नियमित सुरू केल्यावर पहिले दोन-तीन दिवस झापड येते हे खरं, पुढे शरीर सरावतं. दुखणं आटोक्यात आलेला माणूस जागा असतो, बोलतो, माणसं ओळखतो.

डॉक्टरांना फोन करून ‘आम्ही फक्त रात्रीच देत होतो’ हे आधी स्पष्ट सांगा, मग त्यांनी सांगितल्याप्रमाणे घड्याळ लावून सुरू करा. साधारण वेळा सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० अशा ठेवतात. रात्री दोनला उठवायला नको म्हणून दहाचा डोस दुप्पट द्यायची पद्धत आहे, पण ती डॉक्टरांनी लिहून दिली तरच. मध्येच कळ आली तर द्यायचा जादा डोसही लिहून घ्या. दिवसभराच्या एकूण मात्रेचा तो साधारण सहावा भाग असतो. गोळी साधी असेल तर कुटून १०-१५ मिलिलिटर पाण्यात विरघळवून नळीतून द्या आणि मागून ३० मिलिलिटर पाणी सोडा. पाकिटावर ‘एसआर’ लिहिलेली, बारा तास चालणारी गोळी कधीही कुटू नका. तिचा सगळा डोस एकदम अंगात जातो आणि तेव्हा खरंच गुंगी येते, श्वासही मंदावू शकतो. मॉर्फिनने शौचाला खडा होतो, म्हणून पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून हवंच. पहिल्या आठवड्यात मळमळलं तर त्यावरही औषध मिळतं. तीन दिवस शौचाला न झालेला माणूस चिडतो, पोट धरून पडतो, आणि घरचे म्हणतात यांचं देवातून मन उडालं.

मॉर्फिन प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. परवानगी असलेल्या ठिकाणाहूनच, बहुधा हॉस्पिटलातून, आणावं लागतं, तेव्हा आठवड्याच्या गोळ्या शिल्लक असतानाच पुढच्या आणा.

आता माळ. चाळीस वर्षांची माळ उतरवली म्हणजे श्रद्धा संपली, असं सगळ्यांनी धरून चाललंय. त्यांना कोणी विचारलंय का? तुमच्या पत्रात तसं कुठे दिसत नाही. गळ्याच्या आणि गालाच्या कॅन्सरमध्ये माळ उतरवायची कारणं वेगवेगळी असतात आणि उपायही वेगळे.

एक कारण अगदी साधं : जखमेतलं पाणी गळ्यावर उतरतं, माळ भिजते, तिला वास लागतो. तुळशीला असं बाटवायचं कसं, म्हणून माणूस ती काढून देतो. लाईट दिलेली कातडी नाजूक असते, तिथे मणी टोचतातही. असं असेल तर माळ उजव्या मनगटाला गुंडाळा, किंवा उशाला त्यांना दिसेल अशी खिळ्याला टांगा. माळ गळ्यातच हवी असा हट्ट बुवाही करणार नाहीत.

दुसरं कारण बाहेरच्या माणसाला सुचत नाही, पण माळकरी घरात ते तपासायलाच हवं. हॉस्पिटलातून नळीच्या आहाराचा कागद मिळतो, त्यात बहुतेक वेळा अंडं असतं. तुम्ही घालत होतात का? अप्पांना ते कळलंय का? माळ घालून अंडं पोटात जातंय म्हटल्यावर त्यांनी माळ उतरवली असेल, तर ती श्रद्धा संपल्याची खूण म्हणता येणार नाही, उलट आहे. अंडं बंद करा. दूध, मुगाच्या डाळीचं पातळ, भाजलेल्या शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं बारीक पीठ, ताक यांतून प्रथिनं भरून निघतात. आहारतज्ज्ञांना ‘शाकाहारीच बसवून द्या’ असं सांगा, देतात. सगळं फडक्यातून गाळा, नाहीतर नळी तुंबते. एका वेळी २०० ते २५० मिलिलिटर, दोन-तीन तासांनी, डोक्याची बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवून, आणि दिल्यावर अर्धा-पाऊण तास तसंच बसवून ठेवा. न सांगता दिलं असेल तर आता सांगून टाका, ‘आमच्याकडून चूक झाली, तुमच्याकडून नाही’ म्हणून. लपवलेलं त्यांना कळतंच, आणि मग घरच्यांवरचा विश्वासही जातो.

तिसरं कारण राग. इतकी वर्षं वारी केली आणि वाट्याला हे? हा राग असेल तर तो राहू द्या. विठोबाशी भांडायचं संतांनीच शिकवलंय. जो भांडतो त्याचं नातं अजून आहे. ‘देवावर असं रागवू नये’ म्हणून त्यांना गप्प केलंत तर रागही आत राहतो आणि माणूसही.

चौथं, आपण माळेला लायक नाही असं त्यांना वाटत असेल. गालाच्या कॅन्सरमागे बहुधा तंबाखू असते, तिच्याबद्दल पुढे बोलूच.

तर विचारायचं कसं? दहाच्या नाहीतर दोनच्या डोसानंतर तासाभराने, ड्रेसिंग झालेलं असताना, घरात वर्दळ नसताना. खुर्ची पलंगाजवळ घ्या, म्हणजे डोळे डोळ्यांच्या उंचीला येतात. उभ्याने विचारू नका. ‘अप्पा, माळ काढलीत ते मी बघितलं. का काढावीशी वाटली?’ एवढंच. मग थांबा. लिहिणाऱ्या माणसाला वेळ लागतो, हात थरथरतो. अर्धा शब्द वाचून ‘हां हां, कळलं’ म्हणू नका, त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. लिहिलेलं सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने वाचू नका. आणि पाटी त्यांची त्यांना पुसू द्या. बोलणं गेलेल्या माणसाला स्वतःचं म्हणायला तेवढीच जागा उरते. घाईत बायकामुलं ती ओढून घेऊन पुसतात, आणि दोन दिवसांनी माणूस लिहायचंच सोडतो.

‘माझं काय चुकलं?’ या प्रश्नाला उत्तर द्यायची घाई हीच मोठी चूक. ‘काही चुकलं नाही हो’ म्हटलं की विषय तिथेच मिटतो आणि ते एकटे पडतात. ‘पूर्वजन्मीचं असेल’, ‘देव परीक्षा बघतोय’, ‘सगळं चांगलं होईल’ ही वाक्यं म्हणणाऱ्याला बरं वाटावं म्हणून असतात. त्याऐवजी विचारा : ‘तुमच्या मनात काय येतंय? कशाची आठवण येते?’ कदाचित काहीच लिहिणार नाहीत. बसून राहा. कदाचित भलतंच निघेल : भावाशी बांधावरून तुटलेलं बोलणं, लेकीच्या लग्नात राहून गेलेलं काही, एखाद्याचे न दिलेले पैसे. यातलं जे फेडता येण्यासारखं असेल ते याच आठवड्यात फेडा. ज्याच्याशी वैर त्याला निरोप धाडा, ‘अप्पांनी बोलावलंय’ एवढाच. दोघांना दहा मिनिटं एकत्र बसू द्या, दार लोटून घ्या. पाटीवर लिहिता येतंय तोवरच हे जमतं, म्हणून उद्यावर ढकलू नका.

तंबाखूचं म्हणाल तर खोटं बोलू नका. तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो हे गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. अप्पा तंबाखू खात असतील आणि त्यांनी विचारलं तर म्हणा, ‘तंबाखूमुळे झालं, पण ही शिक्षा नाही. तंबाखू खाणाऱ्या सगळ्यांना होत नाही, आणि तुम्ही धरलीत तेव्हा कुणी समजावायला नव्हतं.’ घरात कुणी अजूनही ‘तरी सांगत होतो’ म्हणत असेल तर त्याला बाहेर घेऊन एकदाच स्पष्ट सांगा. निपाणी-चिकोडी भागात तंबाखूवर घरं उभी राहिली, पोरं शिकली. हा दोष एका माणसाच्या उरावर टाकण्यात कसला न्याय?

वास आणि एकटेपणा यांचा संबंध फार जवळचा आहे. मंडळी दाराशी बसतात, उपरणं नाकाला लावतात, ते अप्पांना दिसतं. भिंतीकडे तोंड करायचं कारण तिथेही असू शकतं. एक लिटर पाणी उकळून, गार करून, त्यात सपाट दीड चमचा म्हणजे सुमारे ९ ग्रॅम मीठ घालून जखम धुवा. चिकटलेलं कापड ओढू नका, याच पाण्याने भिजवून सोडवा. वासावर मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड जखमेवर भुरभुरतात आणि तिचा फरक दोन-तीन दिवसांत कळतो, डॉक्टरांना त्याबद्दल विचारा. दिवसातून दोनदा ड्रेसिंग. हळद, भंडारा, अंगारा जखमेत घालू नका. कपाळाला लावा, हरकत नाही. माशा बसणार नाहीत असं झाका. गालामानेच्या जखमेतून कधी कधी एकदम रक्त येतं, म्हणून पलंगाखाली दोन गडद रंगाचे टॉवेल ठेवून द्या. तसं झालं तर टॉवेल दाबून धरायचा, कुशीवर वळवायचं, कुणीतरी जवळच थांबायचं. पांढऱ्या चादरीवरचं रक्त बघून घरचे हबकतात आणि अप्पा त्यांचे चेहरे बघून घाबरतात.

आता भजन. अप्पांनाच विचारून ठरवा : कुणी यावं, किती वेळ, काय म्हणावं. दोन तास टाळ-मृदंग त्या खोलीत नको, डोकं ठणकतं. सहाचा डोस, साडेसहाला ड्रेसिंग, थोडी विश्रांती, आणि साडेसातला मंडळातला एकच जिवलग गडी. टाळ हलका, पुरा हरिपाठ न म्हणता दोन-तीन अभंग, दहा-पंधरा मिनिटं. त्यांच्या नजरेसमोर बसावं, पाठीमागे नाही. हात वर केला की थांबायचं, हे आधीच ठरवून ठेवा, आणि थांबल्यावर ‘का हो’ विचारायचं नाही. एखाद्या दिवशी नको म्हणाले तर त्या गड्याने नुसतं बसावं, पावसापाण्याच्या, भाताच्या लावणीच्या गप्पा माराव्यात. प्रसाद त्यांना गिळता येत नाही, आणि सगळे खाताना ते बघत राहतात. प्रसादाचं ताट त्यांच्या हाती द्या, वाटायचं काम त्यांच्याकडे सोपवा.

बुवांना जरूर बोलवा, अप्पांनी हो म्हटल्यावर. पण कोणते बुवा, हे महत्त्वाचं. उत्तम निरूपण करणारे पुष्कळ असतात, गप्प बसून ऐकणारा एखादाच. येण्याआधी फोनवर तीन गोष्टी सांगून ठेवा : आजार बरा होणार नाही, तसं वचन देऊ नका. त्यांनी माळ उतरवलीय, त्यावरून बोलू नका, ते काढतील तेव्हाच. वीस मिनिटांच्या वर नको. अंड्याचं शल्य असेल तर ‘औषधाने आलेल्या गोष्टीचा दोष लागत नाही’ हे बुवांच्या तोंडून आलेलं वजनदार ठरतं, तुमच्या-आमच्या तोंडून तितकं नाही. खोलीत उदबत्तीचा धूर मात्र करू नका, धाप लागते. ऑक्सिजन लावला असेल तर निरांजन, समई दहा फूट लांब.

आत्याशी वाद घालू नका. परडी राहिली असेल तर आत्याने आणि तुम्ही सौंदत्तीला जावं, परडी भरावी, देवीला हात जोडावेत. अप्पांना मोटारीत घालून डोंगर चढवायचा नाही, आणि ‘तुमचं राहिलं म्हणून हे झालं’ हे वाक्य त्यांच्या खोलीत उच्चारायचं नाही, ही अट आत्याकडून कबूल करून घ्या. कुणी बकरं मागत असेल तर माळकऱ्याच्या घरात त्याच्या नावाने ते करायचं का, हे अप्पांनाच विचारा, उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. खर्चाची मर्यादा आधी ठरवा, नाहीतर एका नवसातून दुसरा निघतो.

बाबाला मात्र ठाम नकार. काढा नळीतून गेला तर नळी तुंबेल हे सर्वांत कमी, त्यात काय आहे ते कुणालाच माहीत नसतं, आणि औषधं एकदम बंद झाली की दुखणं दुपटीने उठतं. कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. घरचे ऐकेनात तर हा कायदा सांगा. विभूती, ताईत देत असेल आणि अप्पांना हवं असेल तर घेऊ द्या, फक्त औषधांशी त्याची अदलाबदल नको.

अप्पांना किती माहीत आहे, याबद्दल पत्रात तुम्ही काही लिहिलेलं नाही. बहुधा पुरतं सांगितलेलं नसावं, पण कळलेलं असणार, नाहीतर पंढरपूर निघालं नसतं. ‘आजाराबद्दल तुम्हाला काय वाटतं? डॉक्टरांकडून सगळं ऐकायचंय की मला ऐकू दे?’ असं विचारा आणि ते म्हणतील तेवढंच. थेट विचारलं तर खोटं सांगू नका. आपल्या भागातली एक गोष्ट इथे नेहमी होते : डॉक्टर किंवा नर्स कन्नड बोलतात, अप्पांना मराठीच उमगतं, आणि कन्नड शाळेत जाणारी नात दुभाषी होते. औषधाच्या वेळा नातीने सांगाव्यात, हरकत नाही. ‘आजोबा किती दिवस’ हे मात्र त्या पोरीच्या तोंडून वदवू नका. मोठ्या माणसाला बरोबर न्या, किंवा मराठी येणारी नर्स मागा. आणि एका कागदावर कन्नडमध्ये लिहून उशाशी लावा : हे माळकरी आहेत, अंडं देऊ नये, पाटीवर मराठीत लिहितात, मान हलवली म्हणजे हो, हात उचलला म्हणजे थांबा. रात्री अचानक ॲडमिट करायची वेळ आली तर तो कागद बरोबर जाईल.

पंढरपूर. नाही म्हणायच्या आधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा : जखमेतून रक्ताचा धोका किती, आणि मोटारीत पाच-सहा तास झेपतील का? हो म्हणाले तर आधी बेळगावपर्यंत जाऊन येऊन बघा, काय अडतं ते तिथेच कळतं. एकादशी टाळा, आठवड्यातला मधला दिवस धरा. पुढची सीट मागे झुकवून घ्या. निघण्याआधी तासभर नळीतून आहार देऊ नका, उलटी झाली तर छातीत जाते. मॉर्फिनचा डोस मात्र अर्धा तास आधी. दीड तासाला थांबा. औषधं लागतील त्याच्या दुप्पट, चिठ्ठीची प्रत, ड्रेसिंगचं सामान, गडद टॉवेल, लघवीचं भांडं. पददर्शनाच्या रांगेचा नाद नको, मुखदर्शन बघा, तेही नाही जमलं तर कळस. मोटारीत बसून कळसाला हात जोडलेली वारी वारकऱ्यांत कमी मानत नाहीत. वाटेत काही झालं तर काय, हे तुम्ही, आई आणि काका यांनी निघण्याआधी बोलून घ्या. मृत्यू जिथे होतो तिथेच त्याची नोंद होते, आणि गावी आणायची व्यवस्था दुसऱ्या राज्यातून करावी लागते. हे अप्पांनाही सांगा. ‘चालेल’ म्हणतील, बहुतेक म्हणतातच, पण म्हणू द्या.

जमणार नसेल तर ‘बरे झालात की जाऊ’ म्हणू नका. ‘आता झेपणार नाही, तुमच्या वतीने कोण जाऊ?’ असं विचारा. ते सांगतील त्याने जावं, बुक्का आणि तीर्थ आणावं. तिथे पोचल्यावर मोबाइलवर लाइव्ह दर्शन दाखवावं, तोवर घरी अप्पांच्या कपाळाला गोपीचंदन लावून बसवा.

तुमचं घर वारकरी म्हणून हे सगळं असं. दुसऱ्या घरी दुसरं. लिंगायत घरात गळ्यातलं इष्टलिंग तपासणीसाठीसुद्धा न विचारता काढू नये, जखम असेल तर दंडाला बांधता येईल का ते जंगमांना (लिंगायत गुरूंना) विचारावं. जैन घरात सल्लेखनेचा (अन्नपाणी हळूहळू सोडण्याच्या व्रताचा) विषय निघाला तर तो रुग्णाने स्वतः, शुद्धीत, मुनी आणि डॉक्टर दोघांशी बोलून काढायचा असतो. घरच्यांनी ‘तसंही खात नाहीत’ म्हणून ठरवायचा नसतो. खानापूर भागातल्या ख्रिस्ती घरांनी फादरना अगदी शेवटच्या तासाला बोलावण्यापेक्षा माणूस जागा असताना बोलवावं. मुसलमान घरात पाणी लावता येत नसेल तर तयम्मुम (पाण्याऐवजी कोरड्या मातीने शुद्धी) करून पडल्या पडल्या खुणेने नमाज होतो, रोजा माफ असतो. आणि देव न मानणाराही असतो. सीमालढ्यात तुरुंगात गेलेल्या म्हाताऱ्याला १७ जानेवारीची, म्हणजे सीमाभागातल्या हुतात्मा दिनाची, आठवण काढून ‘तेव्हाचं सांगा’ म्हटलं तर ते त्याच्यासाठी कोणत्याही पूजेइतकं असतं. नातवाने मोबाइलवर ते बोलणं रेकॉर्ड करावं, नंतर लिहून काढून त्याला वाचून दाखवावं आणि त्याने सांगितलेल्या दुरुस्त्या कराव्यात.

काही गोष्टींना मात्र अध्यात्म समजू नका. एकाएकी माणसं न ओळखणं, भिंतीवर कुणी दिसणं, नळी ओढणं, रात्री गोंधळ आणि दिवसा गुंगी, हे बहुधा शरीरातून येतं : लघवी तुंबणं, शौचाला न होणं, ताप, पाणी कमी पडणं, औषधाची मात्रा. ‘पितर न्यायला आले’ म्हणत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. रात्र रात्र झोप नाही आणि विचारांचं काहूर असेल तर डेक्सामेथासोनची (स्टिरॉइडची) गोळी संध्याकाळी देताय का बघा. ती सकाळी द्यायची असते. ‘देव नेत का नाही’ हे बहुतेक जण म्हणतात. पण दोन आठवडे कशातच मन नाही, नात आली तरी डोळे उघडत नाहीत, किंवा ‘गोळ्या देऊन सोडवा’ असं लिहितात, तर थेट विचारा, ‘स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का?’ विचारल्याने ते मनात भरत नाही. मॉर्फिन कुलपात ठेवा, डॉक्टरांना सांगा. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो. तो तुमच्यासाठीही आहे, आईसाठीही. रात्रीची पाळी तुम्ही, भाऊ आणि काका अशी वाटून घ्या. काकांना सहाचा डोस द्यायचं काम द्या. त्यांची भीती त्यानेच लवकर जाईल.

शेवटच्या इच्छा अप्पांनाच विचारा, पाटीवर किंवा वहीत : माळ शेवटी गळ्यात हवी का, तुळस-तीर्थ कुणी द्यायचं, जवळ कोण असावं, परत हॉस्पिटलात न्यायचं का? कृत्रिम श्वासाचं मशीन नको असेल तर तसं इच्छापत्र दोन साक्षीदारांसमोर करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हा हक्क मान्य केला, २०२३ मध्ये पद्धत सोपी केली, आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये त्यासाठी आदेश काढला.

शुद्ध हरपल्यावर तोंडात पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं. स्वच्छ कापूस तीर्थात बुडवून पिळा आणि ओठ ओले करा. तुळशीचं पान ओठावर ठेवा, जिभेवर नको. घशात घरघर सुरू झाली तर कुशीवर वळवा, त्यावर इंजेक्शन असतं, ते विचारा. नळीतून आहार घालत राहायचा हट्ट नको, त्या वेळी शरीर तो घेत नाही. मॉर्फिन मात्र एकाएकी थांबवायचं नाही, मात्रा डॉक्टर ठरवतील. ऐकू येणं बराच काळ राहत असावं, असं मानूनच बोला. नाम कानाशी हळू घ्या, एकाने, आळीपाळीने, आणि खोलीत भांडण नको.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करा. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजून, चिठ्ठीसह, जिथून आणल्या त्या हॉस्पिटलला परत द्या. शेजारच्या कुणाला दुखतंय म्हणून वाटू नका.